मनिलाचा पडदा आणि त्याच्यामागचा रंगमंच

जुन्या तागालोग, म्हणजे फिलिपिन्सची राजधानी मनिलाच्या भाषेतल्या, सिनेमाबद्दल काही वाचायला घेतलं की पहिल्या दहा मिनिटांतच एक अडचण समोर येते. नावं सापडतात, जाहिराती सापडतात, नटनट्यांचे फोटो सापडतात, सिनेमा मात्र सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी मनिलात शेकड्यांनी बोलपट निघाले, त्यातले आज बघता येतील असे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. त्यामुळे हा इतिहास सांगताना पडद्याइतकंच रंगमंचाकडे बघावं लागतं. तिथला सिनेमा रंगमंचावरूनच आला, युद्धाने त्याला परत रंगमंचावर ढकललं, आणि युद्धानंतरचे त्याचे काही उत्तम सिनेमे रंगभूमीत मुरलेल्या माणसाने केले.

फिलिपिन्समध्ये हलती चित्रं आली ती स्पॅनिश राजवटीच्या अगदी अखेरीस. १८९७ च्या जानेवारीत मनिलाच्या एस्कोल्टा रस्त्यावर पेर्तिएरा सलूनमध्ये पहिले खेळ झाले. दोनेक वर्षांत राजवट पालटली आणि स्पेनच्या जागी अमेरिका आली. पुढची वीस वर्षं पडद्यावर जे दिसत होतं ते बहुतेक सगळं परदेशी. १९१२ मध्ये राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाले, तेही मनिलात बस्तान बसवलेल्या अमेरिकन धंदेवाइकांनी काढले.

होसे नेपोमुसेनो हा फोटोग्राफीचा व्यवसाय असलेला माणूस. त्याने १९१७ मध्ये भावाच्या साथीने ‘मलायन मूव्हीज’ ही कंपनी काढली आणि १२ सप्टेंबर १९१९ ला ‘दालागांग बुकिद’ लोकांसमोर आणला. फिलिपिनो माणसाने बनवलेला पहिला कथापट म्हणून याची नोंद होते. नावाचा अर्थ खेड्यातली पोर. कथा नवी नव्हती. एर्मोहेनेस इलागान यांची ‘सार्स्वेला’ त्या वेळी तुफान चालली होती. सार्स्वेला म्हणजे स्पॅनिश ‘झार्झुएला’चं तागालोग रूप, आपल्या संगीत नाटकाच्या जवळचं. संवाद बोलायचे, भावना गायच्या. फुलं विकणारी आंगेलिता, तिचा वकिलीचं शिक्षण घेणारा प्रियकर, आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला म्हातारा सावकार. तिच्या जुगारी आईबापाला सावकाराने कर्जात अडकवलेलं. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं, तरी तो तिकीट काढतो, त्यातली ही गोष्ट.

अडचण एकच होती, सिनेमा मुका. आणि नाटक लोकप्रिय झालं होतं ते आतांग दे ला रामा या तरुण गायिकेच्या आवाजावर. मग तोडगा असा काढला की पडद्यावर आंगेलिता गायला लागली की खरी आतांग थिएटरातच, पडद्याशेजारी उभी राहून ‘नाबासाग आंग बांगा’ म्हणायची. ‘घागर फुटली’ हे ते गाणं. पडद्यावरची आतांग ओठ हलवतेय आणि खाली उभी असलेली आतांग गातेय, असा हा देशातला पहिला ‘बोलपट’. तंत्राच्या इतिहासात याला जागा नसेल, पण तागालोग सिनेमाचा स्वभाव या एका प्रसंगात पुरता दिसतो असं मला वाटतं.

मुक्या चित्रपटांत भाषेचा प्रश्न पाट्यांवर भागत होता. इंग्रजी, स्पॅनिश, तागालोग, हवी तशी पाटी घाला. बोलपट आल्यावर तशी सोय उरली नाही. पात्रांनी कोणत्या तरी एका भाषेत बोलायला हवं, आणि या द्वीपसमूहात भाषा तर शंभरावर. नेपोमुसेनोनेच १९३३ मध्ये ‘पुन्याल ना गिंतो’ हा पूर्ण बोलपट काढला. पुढे धंदा मनिलात एकवटला आणि मनिलाची बोली तागालोग, म्हणून सिनेमाची भाषाही तीच ठरली. राष्ट्राध्यक्ष मॅन्युएल केसोन यांनी राष्ट्रभाषेचा पाया तागालोग असेल असं जाहीर केलं ते १९३७ च्या डिसेंबरात. शाळेत मुलं इंग्रजी शिकत होती. घरी तागालोग न बोलणाऱ्यांच्या कानावर ती भाषा सरकारी फर्मानाने जितकी पडली, त्याहून जास्त सिनेमाने घातली असावी.

याच सुमारास स्टुडिओ उभे राहिले. १९३७ मध्ये ‘सांपागिता पिक्चर्स’ निघाली. सांपागिता म्हणजे आपला मोगरा, त्यांचं राष्ट्रीय फूल. दुसऱ्याच वर्षी ‘एलव्हीएन’ आली. ही अक्षरं तीन घराण्यांची: दे लेओन, व्हिलोंगको आणि नाव्होआ. खरी सूत्रं होती ती दोन्या सिसांग, म्हणजे नार्सिसा दे लेओन या बाईंच्या हातात. खेड्याकडची गोष्ट, लोककथा, गाणी आणि शेवट गोड, याच्यावर त्यांचा विश्वास होता. एलव्हीएनचा पहिला चित्रपट ‘गिलिव को’ १९३९ च्या जुलैत लागला, तेव्हा खुद्द केसोन खेळाला हजर होते. त्यात खेड्यातल्या मुलीच्या भूमिकेत होती मिला देल सोल, वय जेमतेम सोळा. १९४१ मध्ये याच कंपनीने ‘इबोंग आदार्ना’ काढला. जादूच्या पक्ष्याची ही पद्यकथा तिकडे घरोघरी ठाऊक आहे. ज्याच्या गाण्याने राजाचा आजार बरा होतो, पण ऐकणाऱ्याला झोप लागते, असा तो पक्षी. काळ्यापांढऱ्या चित्रपटातला काही भाग हाताने रंगवून घेतला होता.

मोठ्या, गारेगार थिएटरांत अर्थात हॉलिवूडच चालायचं. तागालोग चित्रपटाला जाणारा प्रेक्षक निराळा, आणि त्याला पुढे एक नावही चिकटलं: ‘बाक्या’. बाक्या म्हणजे लाकडी तळाच्या चपला, गरिबाच्या पायातल्या, चालताना खट्खट् वाजणाऱ्या. प्रेक्षकांना हे नाव दिग्दर्शक लाम्बेर्तो अवेल्याना यांनी दिलं असं मानतात. त्यात चेष्टा आहे, आणि आपले चांगले चित्रपट हा प्रेक्षक बघत नाही याची चरफडही.

२ जानेवारी १९४२ ला जपानी सैन्य मनिलात शिरलं आणि हे सगळं एका फटक्यात थांबलं. कच्ची फिल्म संपली, जी होती ती आणि चांगले कॅमेरे जपान्यांनी ताब्यात घेतले. वितरण त्यांच्या संस्थेच्या हाती गेलं. हॉलिवूडचे नवे चित्रपट येणं बंद झालं. थिएटरं होती, प्रेक्षक होते, दाखवायला काही नव्हतं. मग पडदा वर गुंडाळला गेला आणि त्याच थिएटरांत ‘बोदाबिल’ सुरू झालं. अमेरिकन व्हॉडव्हिलचा हा स्थानिक अवतार: गाणी, नाच, नकला, कसरती, मध्ये एखादा छोटा नाट्यप्रवेश. कालपर्यंत पडद्यावर पंधरा फुटी दिसणारे नायक-नायिका आता हाडामांसाचे, दिवसाला दोनतीन खेळ करत उभे. पुढे विनोदाचा बादशहा झालेला डॉल्फी याच दिवसांत अव्हेन्यू थिएटरात मागच्या रांगेत नाचत होता.

पुगो आणि तोगो ही जोडगोळी त्या काळातली. ‘तोगो’ हे नाव जपानी पंतप्रधान तोजोंच्या नावाच्या फार जवळ जातं, म्हणून त्यांना नावं बदलून पुगाक-तुगाक व्हावं लागलं. त्यांचा गाजलेला प्रवेश घड्याळांचा. जपानी शिपाई रस्त्यात माणसं अडवून मनगटावरचं घड्याळ काढून घेत, हे मनिलात सगळ्यांना माहीत होतं. हे दोघं शिपायांच्या वेशात रंगमंचावर आले, बाही वर केली, तर दोन्ही हातांवर ओळीने घड्याळंच घड्याळं. प्रेक्षागृह हसून लोटपोट, आणि दोघं काही काळ तुरुंगात. असे चिमटे कॅमेऱ्यासमोर काढता आले नसते. प्रत्येक फूट फिल्म जपान्यांच्या हिशेबात होती. रंगमंचावर मात्र बाही वर करायला दोन सेकंद पुरतात, आणि त्याची रिळं जप्त करता येत नाहीत.

गंमत अशी की तागालोग भाषेला याच काळात सरकारी पाठबळ मिळालं. इंग्रजीचा प्रभाव घालवायचा म्हणून जपानी लष्करी प्रशासनाने जपानीबरोबर तागालोगलाही अधिकृत भाषा ठरवलं. मनिलातली इंग्रजीत नाटकं करणारी मंडळी तागालोगकडे वळली ती या रेट्यामुळे.

चित्रपट म्हणावेत असे दोनच मोठे प्रयत्न झाले, दोन्ही १९४४ चे आणि दोन्हींत हेरार्दो दे लेओन. पहिला ‘डॉन ऑफ फ्रीडम’, जपानच्या तोहो कंपनीचा प्रचारपट, दिग्दर्शनात युताका आबेंसोबत ते. अमेरिकन पळून जातात आणि जपानी मित्र म्हणून उरतात, हे ठसवायचं होतं. त्यात अमेरिकन सैनिकांच्या गर्दीसाठी वापरले ते खरेखुरे अमेरिकन युद्धकैदी. स्वतःच्या पराभवाचं नाटक त्यांच्याकडून कॅमेऱ्यासमोर करवून घेतलं. दुसरा ‘तात्लोंग मारिया’, तीन मारियांची गोष्ट. त्यात लिवायवाय आर्सेओ ही तरुण लेखिका पडद्यावर दिसली. तागालोग कथेत तिचं नाव पुढे फार मोठं झालं. युद्ध संपल्यावर दे लेओन यांच्यावर शत्रूला साथ दिल्याचा ठपका आला. प्रतिकार करणाऱ्यांना त्यांनी गुपचूप मदत केल्याचं पुढे आलं म्हणून ते वाचले, असं सांगितलं जातं. मृत्यूनंतर, १९८२ मध्ये, त्यांना ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान मिळाला.

१९४५ चा फेब्रुवारी हा मनिलाचा सर्वांत वाईट महिना. शहर परत घेण्यासाठी महिनाभर लढाई झाली, सुमारे एक लाख नागरिक मेले. जुन्या तटबंदीच्या इंत्रामुरोस भागात सात चर्च होती, त्यांतलं सान आगुस्तिन तेवढं उभं राहिलं. नायट्रेट फिल्म मुळातच ज्वालाग्राही. जळालेल्या शहरात रिळं शिल्लक राहतील ही अपेक्षाच चूक.

आश्चर्य वाटतं ते इतक्या लवकर सिनेमा परत उभा राहिला याचं. १९४६ मध्ये, देश अजून स्वतंत्रही झालेला नसताना, एलव्हीएनने मॅन्युएल कोंदे यांचा ‘ओरासांग गिंतो’ आणला. मग युद्धपटांची लाट आली: गनिमी काव्याने लढणारे सैनिक, खबरे, तळघरातले छळ. ‘गेरिल्येरा’मध्ये कार्मेन रोसालेस होती. तिचा नवरा जपान्यांनी मारला होता आणि ती स्वतः गनिमी काव्याने लढणाऱ्यांत सामील झाली होती. अशी नायिका बंदूक उचलते तेव्हा प्रेक्षकाला ती अभिनय करतेय असं वाटत नसावं.

पन्नासचं दशक म्हणजे मोठ्या स्टुडिओंची चलती: सांपागिता, एलव्हीएन, प्रीमिअर आणि लेब्रान. यातल्या प्रत्येकीबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे. मला विचाराल तर दोन माणसांपाशी थांबावं.

एक कोंदे. त्यांनी १९५० मध्ये ‘चंगीझ खान’ केला, भूमिका स्वतःचीच. मंगोलियाचं गवताळ पठार उभं केलं ते फिलिपिन्समध्येच. दृश्यरचना आणि पोशाख होते चित्रकार कार्लोस ‘बोतोंग’ फ्रान्सिस्को यांचे. १९५२ मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात गेला, आणि साठ वर्षांनी, २०१२ मध्ये, दुरुस्त झालेली प्रत व्हेनिसलाच पुन्हा दाखवली गेली.

दुसरे अवेल्याना. मूळचे नाटकवाले. पत्नी डेझी यांच्यासोबत त्यांनी युद्धाआधीच ‘बारांगाय थिएटर गिल्ड’ काढली होती. त्यांच्या ‘आनाक दालिता’मध्ये (१९५६) नेपथ्य बांधायची गरज पडली नाही. इंत्रामुरोसमधल्या पडक्या चर्चच्या भिंतींत खरोखरच निर्वासितांची झोपडी वसाहत झाली होती. कोरियातल्या युद्धावरून परतलेला सैनिक तिथे आईला शोधत येतो आणि शेजारच्या झोपडीतली, धंदा करून पोट भरणारी सिता त्याला भेटते. भूमिकांत तोनी सांतोस आणि रोसा रोसाल. छप्पर उडालेल्या कमानी, त्यांतून येणारं ऊन, खाली वाळत घातलेले कपडे. अवेल्याना माणसांना या भिंतींपुढे नाटकातल्यासारखे उभे करतात आणि कॅमेरा फारसा हलवत नाहीत. आशियाई चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. बाक्या प्रेक्षक मात्र प्रेमकथा आणि कॉमिक्सवरचे चित्रपट बघत होता, ही अवेल्यानांची कायमची तक्रार.

तक्रार खरी असली तरी दोन्या सिसांग यांनी असे तोट्याचे चित्रपट काढू दिले, हेही विसरू नये. मान्वेल सिलोस यांचा ‘बियाया नांग लुपा’ (१९५९) त्यांचाच. लान्झोन्स या फळाची बाग लावणाऱ्या एका कुटुंबाची ही गोष्ट बर्लिनच्या स्पर्धेपर्यंत पोचली. खर्च वाढला, कामगारांशी तंटे झाले, नटनट्या स्वतःच निर्माते व्हायला लागले. १९६१ मध्ये एलव्हीएनने चित्रपट काढणं थांबवलं, लॅब तेवढी २००५ पर्यंत चालू राहिली.

युद्धातून वाचलेली रिळंही मग दमट हवेत कुजली, पुरात भिजली. टाकाऊ फिल्मचे नवीन वर्षाला फुंकायचे ‘तोरोतोत’ भोंगे बनत, असंही तिकडचे जुने लोक सांगतात. ‘गिलिव को’ वाचला आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दुरुस्त झाला. दक्षिणेतल्या मोती काढणाऱ्यांवरचा ‘झाम्बोआंगा’ (१९३७) परदेशातच सापडला. जपान्यांचा ‘डॉन ऑफ फ्रीडम’ शाबूत आहे. ‘दालागांग बुकिद’ कुठेच नाही. आतांग दे ला रामा १९९१ पर्यंत जगल्या, ‘राष्ट्रीय कलावंत’ झाल्या. फुटक्या घागरीचं ते गाणं फिल्मवर कधी उतरलंच नव्हतं, त्यामुळे फिल्मबरोबर गेलंही नाही. ते अजून गायलं जातं.