डिझेल इंजिनाच्या धुराचे निदान

डिझेल इंजिनाच्या धुराचा रंग, तो निघण्याची वेळ आणि हवेत टिकण्याचा अवधी यांवरून बिघाड ओळखण्याची पद्धत. या इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण १४ ते २२ पट दाबली जाऊन इतकी तापते की नोझलने फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवा, दाब किंवा फवारा यांपैकी काहीही बिघडले की ज्वलन अपुरे राहते. नागपूरच्या वाडी भागात ट्रक दुरुस्त करणारा मिस्त्री आणि समुद्रावर शिडाच्या बोटीचे इंजिन सांभाळणारा खलाशी यांची मूळ तपासणी एकच असली, तरी कारणे मात्र नेहमी एकाच जागी सापडत नाहीत.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त झाल्याची खूण. ट्रकमध्ये प्रथम एअर फिल्टर पाहावा, मग नोझल व पंप. नागपूरच्या उन्हाळ्यातील धुळीने फिल्टर लवकर तुंबतो. पीयूसी केंद्रातील यंत्र धुराचा केवळ दाटपणा मोजते, कारण सांगत नाही. बोटीत दोष इंजिनाबाहेरही असतो: तळाला व पंख्याला (प्रोपेलरला) शेवाळ आणि शिंपले चिकटले की इंजिनावर भार वाढतो आणि ते पूर्ण फेरे गाठत नाही. म्हणून नोझल खोलण्याआधी तळ पाहणे शहाणपणाचे.

निळसर धूर निघाला की इंजिन ऑईल खात आहे असे समजावे. पिस्टनच्या रिंगा, लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) किंवा टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राचे) सील झिजलेले असते. केवळ बॅटरी चार्ज करण्यासाठी तासन्‌तास हलक्या भारावर चालवलेल्या बोटीच्या इंजिनात लायनर गुळगुळीत होऊनही हा दोष येतो.

पांढरा धूर सर्वांत फसवा. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड इंजिन सुरू करताना तो थोडा वेळ दिसणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही राहिला, तर दाब कमी झाला आहे किंवा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडले आहे. बोटीच्या धूरनळीत थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी सोडलेले असते, त्यामुळे थोडी वाफ नेहमीच दिसते. ती अचानक वाढली, तर पाण्याची जाळी, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतले फिरते पाते) आणि क्षार-काजळीने तुंबणारा एल्बो (धूरनळीचा वाकलेला जोड) तपासावा. वाफ लगेच विरते. न जळलेल्या डिझेलचा धूर रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो आणि पाण्यावर तेलकट तवंग सोडतो. कूलंटही (इंजिन थंड ठेवणारे पाणी) घटत असेल, तर ते सिलिंडरमध्ये गळू देणाऱ्या हेड गॅस्केटचा (सिलिंडरच्या झाकणाखालील सीलचा) संशय घेऊन इंजिन बंद ठेवावे, कारण सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.