मांस भाजण्याचा कोळसा

मांस भाजण्यासाठी किंवा त्याला धुरी देण्यासाठी वापरला जाणारा लाकडाचा कोळसा. मराठीत त्याला लोणारी कोळसा म्हणतात. कोळसा पाडणे हा लोणारी समाजाचा पिढीजात धंदा, त्यावरून हे नाव. रायगड जिल्ह्यातली अनेक कातकरी कुटुंबे आजही हंगामात कोळशाच्या भट्ट्यांवर राबतात. खाणीतला दगडी कोळसा निराळा. त्यात गंधक असते, म्हणून तो अन्नाखाली पेटवू नये.

लाकूड मातीने लिंपलेल्या भट्टीत हवा कोंडून तापवले की आधी पाणी, मग धूर आणि डांबर निघून जाते. मागे उरतो तो बहुतांश कार्बन. मातीच्या भट्टीत ४-५ किलो वाळल्या लाकडामागे जेमतेम १ किलो कोळसा पडतो. वास देणारे पदार्थ भट्टीतच उडून गेल्यामुळे नीट पिकलेल्या कोळशाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. शेगडीवरच्या कबाबाचा खमंगपणा येतो तो निखाऱ्यावर ठिबकून जळणाऱ्या चरबीतून आणि मसाल्यातून. धुरीचा वास येतो वरून टाकलेल्या लाकडातून. तेव्हा गोणीवर कोणत्या झाडाचे नाव छापले आहे, याला दुकानदार देतात तेवढे महत्त्व देण्याचे कारण नाही. आच किती, ती टिकते किती आणि राख किती पडते, हे पाहावे.

झाडाचा फरक पडतो तो मुख्यतः घट्टपणात. बाभूळ, खैर अशा जड लाकडाचा कोळसा उशिरा पेटतो, पण आच धरून ठेवतो. आंब्यासारख्या हलक्या लाकडाचा झटकन फुलतो आणि तितक्याच लवकर बसतो. गुजरात आणि तमिळनाडूत मोठ्या प्रमाणावर पाडला जाणारा कोळसा वेडी बाभूळ म्हणजे प्रोसोपिस जुलिफ्लोरा या परदेशी झुडपाचा असतो. टेक्सासमध्ये मांस भाजायला ज्या मेस्कीट झाडाच्या लाकडाचे एवढे कौतुक होते, ते याचेच भावंड. आपल्याकडे मात्र ते बांधावरचे उपद्रवी झाड. करवंटीच्या कोळशाच्या वड्या कमी राख टाकतात आणि बराच वेळ जळतात. जपानचा बिंचोतान हा ओक जातीच्या लाकडाचा, शेवटी १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेला कोळसा. त्याचे तुकडे धातूसारखे वाजतात. तो पेटायला अर्धा तास सहज लागतो आणि एकदम तापवला तर तडकून उडतो. घरच्या शेगडीला तो परवडणाराही नाही.

गोणी घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. खणखणीत वाजले आणि मोडल्यावर आतून काळे, चकचकीत दिसले तर माल पिकलेला. बद्द आवाज आणि आत तपकिरी रेघ म्हणजे कच्चा कोळसा: तो पेटल्यावर पिवळट धूर सोडतो, डोळे चुरचुरतात आणि मांसाला डांबराची कडवट चव येते. कोळसा वजनावर विकला जातो, त्यामुळे भिजलेला माल घेतला की पाण्याचेही पैसे मोजले जातात. शिवाय असा कोळसा तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. तुकडे ४ ते ८ सेंमीचे असावेत. गोणीच्या तळाचा चुरा शेगडीत ओतला की फटी बुजतात, हवा अडते आणि निखारे घुसमटतात.

कोळशाची भुकटी स्टार्चने बांधून दाबलेल्या वड्यांना ब्रिकेट म्हणतात. अमेरिकेत १९२०च्या दशकात हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्यांना लाकूड पुरवताना उरणाऱ्या टाकाऊ तुकड्यांपासून त्यांचे मोठे उत्पादन सुरू झाले. वड्या एकसारख्या असल्याने आच स्थिर राहते. लाकडी भुकटीच्या वड्यांची राख मात्र जास्त पडते आणि शेगडीचा खालचा हवेचा झरोका बुजवते. आपोआप पेटणाऱ्या, इंधन मुरवलेल्या वड्या टाळाव्यात. रॉकेलचा वास कितीही मसाला लावला तरी लपत नाही.

कबाब किंवा टिक्क्यासाठी तुकड्यांचा कोळसाच बरा. १ किलो कोंबडीला १ ते दीड किलो पुरतो. पत्र्याच्या चिमणीत, म्हणजे कोळसा भरायच्या उभ्या नळकांड्यात, खाली कागद पेटवून, १५-२० मिनिटांत निखारे फुलतात. त्यांच्यावर राखेची करडी साय धरल्याशिवाय मांस ठेवू नये. जाळीच्या उंचीवर तळहात २-३ सेकंदांपेक्षा जास्त ठेववत नसेल तर आच कडक. ६-८ सेकंद ठेववला तर मंद. चरबी पडून ज्वाळा उठल्या की पाणी मारू नये, त्याने राख उडून मांसावर बसते. तुकडे बाजूला सरकवावेत. ज्वाळांत करपलेल्या चरबीतून बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये मांसावर बसतात, हेही एक कारण.

धुरीसाठी गणित उलटे. इथे ११० ते १२० अंशांची आच ५-६ तास टिकवायची असते, म्हणून ब्रिकेट सोयीच्या. ५७ सेंमी व्यासाच्या झाकणाच्या शेगडीत कडेने वड्यांची माळ रचतात, दोन ओळी आणि दोन थर. एका टोकाला ८-१० पेटलेल्या वड्या ठेवतात आणि माळेवर पेरू किंवा आंब्याच्या सुक्या लाकडाचे मुठीएवढे चार-पाच तुकडे मांडतात. मांस दुसऱ्या बाजूला, पेटलेल्या वड्यांपासून दूर. वरचा झरोका उघडा ठेवून आच खालच्या झरोक्याने सांभाळावी. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर लाकूड नुसते धुमसत असल्याची खूण, आणि त्याने मांस काजळते. रंग लावलेले फळकूट, प्लायवूड यात कधीही घालू नये.

मुंबईत तंदूर आणि बेकऱ्यांचा कोळसा-लाकडाचा धूर प्रदूषणाचा विषय झाला असून, २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने त्यांना इंधन बदलण्याच्या नोटिसा दिल्या. घरात धोका वेगळा: निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत शेगडी पेटवू नये, आणि विझत आलेली शेगडी उबेसाठी आत आणू नये. झाकण व झरोके बंद केले की निखारे विझतात. उरलेला कोळसा पुढच्या वेळी चाळून वापरता येतो. राख मात्र एक दिवस पत्र्याच्या डब्यातच राहू द्यावी, कारण वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा जिवंत असतो.