भिंतीवरची ओल आणि आतला पाइप: स्ट्रोकनंतर डोळ्याच्या पडद्याचा फोटो

स्ट्रोक, म्हणजे आपण ज्याला पॅरालिसिसचा अटॅक म्हणतो तो येऊन गेलेल्या माणसाला डोळ्याच्या कॅमेऱ्यापुढे बसवलं की घरचे हमखास विचारतात, अहो दुखणं मेंदूचं आणि फोटो डोळ्याचा कशाला, नजर तर चांगली आहे की! प्रश्न रास्तच आहे, पण उत्तर द्यायला थेट गर्भापासून सुरुवात करावी लागते. पोटातल्या बाळाचा मेंदू तयार होत असताना त्याला दोन बाजूंना दोन फुगवटे येतात, ते पुढे सरकतात आणि त्यांचाच डोळ्याच्या आतला पडदा होतो, म्हणजे रेटिना. थोडक्यात मेंदूचाच एक तुकडा बाहेर येऊन बसलाय. त्याला रक्त देणारी आर्टरी निघते तीही मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिडपासूनच, आणि रक्तातलं काय आत सोडायचं काय नाही याचा जो कडक पहारा मेंदूतल्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीत असतो तसाच इथेही असतो.

फरक इतकाच की मेंदू कवटीत बंद आहे आणि पडद्यासमोर सगळं पारदर्शक. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं उपकरण, जगापुढे आणला आणि जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कापाकापी न करता बघता यायला लागल्या. अंगात अशी दुसरी सोयीची जागा नाही. (डोळ्याच्या डॉक्टरांनी बाजूने झगझगीत लाइट मारला की कधीकधी आपल्याला काळ्या फांद्यांचं झाड दिसतं ना, ती आपल्याच पडद्यावरच्या वाहिन्यांची सावली असते. एरवी मेंदू ती सवयीने पुसून टाकतो, लाइटची दिशा अचानक बदलली की पकडला जातो.)

आता स्ट्रोककडे. सगळे स्ट्रोक एकसारखे नसतात. काहींमधे रक्तवाहिनी फुटते, बाकीच्यांमधे ती बुजते. बुजण्याच्या प्रकारातही कधी हृदयातून किंवा मानेतून गुठळी सुटून मोठ्या वाहिनीत अडकते, आणि साधारण चारातल्या एका पेशंटमधे मेंदूच्या खोल भागात जाणारी एखादी बारीक वाहिनी, जिची जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते, ती आतल्या आत जाड होत होत बंद पडते. याला लॅक्युनर स्ट्रोक म्हणतात, कारण तिथे नंतर पाण्याने भरलेला छोटा खड्डा उरतो आणि लॅटिनमधे लॅक्युना म्हणजे खड्डा, डबकं.

गोची अशी आहे की नेहमीच्या एमआरआयमधे हा खड्डा दिसतो, आजूबाजूचे पांढरे डागही दिसतात, पण ती बंद पडलेली वाहिनी काही दिसत नाही, कारण मशीनच्या नजरेला ती फारच बारीक आहे. म्हणजे भिंतीवरची ओल दिसते पण आतला पाइप कसा आहे ते कळत नाही. पडद्यावरच्या वाहिन्या साधारण त्याच मापाच्या, त्याच घराण्यातल्या, आणि उघड्यावर. भिंत न फोडता बघता येणारा पाइप म्हणा ना. माझ्या मते या सगळ्या संशोधनाचा जीव इथे आहे, "डोळा बघून भविष्य" वगैरे मथळ्यांत नाही.

बघतात काय? पडद्यावर आर्टरी आणि रक्त परत नेणारी व्हेन जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींवर एकच आवरण असतं. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की आर्टरीची भिंत जाड आणि कडक होते आणि ती खालच्या व्हेनला दाबते, फोटोत तिथे व्हेन चिमटल्यासारखी दिसते. लंडनच्या मार्कस गन यांनी १८९० च्या दशकातच हे नोंदवून ठेवलंय, त्यांच्या हातात तेव्हा कॅमेरा नव्हता, बघून वर्णन करायचं. भिंत आणखी जाड झाली की लाइटमधे आर्टरी तांब्याच्या तारेसारखी चमकते आणि पुढे चांदीच्या. आजचे डॉक्टरही हेच शब्द वापरतात. शिवाय बारीक फुगे, रक्ताचे ठिपके, कापसासारखे पांढरे डाग हे असतातच.

नंतर आलं मोजमाप. पडद्यावर मेंदूकडे जाणाऱ्या नजरेच्या नसेची जी गोल चकती दिसते तिच्याभोवती ठरावीक अंतरावर सगळ्यात मोठ्या ६ आर्टरी आणि ६ व्हेन घ्यायच्या, रुंदी मोजायची आणि सूत्रात घालून एकेक आकडा काढायचा. तब्येत ठीक असेल तर आर्टरी व्हेनपेक्षा बारीक, अंदाजे २ ला ३ या प्रमाणात. अमेरिकेतल्या एरिक नावाच्या मोठ्या अभ्यासात १० हजारांहून जास्त लोकांचे असे फोटो काढून ठेवले आणि पुढे कोणाला स्ट्रोक येतो ते बघितलं. २००१ मधे निकाल छापून आला की ज्यांच्या पडद्यावर फुगे किंवा रक्ताचे ठिपके होते त्यांना स्ट्रोक जास्त आले, बीपी वगैरेचा हिशोब वजा करूनसुद्धा. नंतर मेलबर्न, सिडनी आणि सिंगापूरमधे प्रत्यक्ष स्ट्रोकच्या पेशंटांचे फोटो तपासले तेव्हा लॅक्युनरवाल्यांमधे आक्रसलेल्या आर्टरी, फुगलेल्या व्हेन आणि ते चिमटे बाकीच्यांपेक्षा जास्त निघाले. म्हणजे पडद्यावरचे पाइप आतल्या बारीक पाइपांची बातमी देतात, पण मोठ्या वाहिनीत अडकलेल्या गुठळीची फारशी देत नाहीत.

फारशी म्हटलं, कारण एक अपवाद आहे. मानेतल्या कॅरोटिडमधे साठलेल्या मळीचा कण सुटून पडद्यावरच्या आर्टरीत अडकला तर तो पिवळा, चमचमणारा दिसतो. मेयो क्लिनिकच्या हॉलेनहॉर्स्ट यांनी १९६१ मधे याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. एका डोळ्यापुढे अचानक अंधार आला, दुखत काहीच नाही आणि काही मिनिटांत परत सगळं स्वच्छ, तर ते अशाच कणाचं काम असू शकतं. बरं वाटलं म्हणून घरी बसू नये, स्ट्रोक समजूनच तातडीने हॉस्पिटल गाठायचं.

त्याच १९६१ मधे नोव्होटनी आणि अल्विस या दोन मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी हाताच्या शिरेत फ्लुरोसिन नावाचा रंग टोचून तो पडद्यात पोचताना फोटो काढायची पद्धत छापली. आता ओसीटी अँजिओग्राफी (ओसीटी म्हणजे लाइटने पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) आल्यापासून बऱ्याच ठिकाणी रंग टोचावाच लागत नाही. एकाच जागेचे झटपट लागोपाठ स्कॅन घ्यायचे, जे जागचं हललं नाही ते वगळायचं, जे बदललं ते म्हणजे पळणाऱ्या लाल पेशी, की झाला केशवाहिन्यांचा नकाशा. ऐकायला भारी आहे, पण तेवढा वेळ डोळा स्थिर लागतो.

आणि इथेच घोडं पेंड खातं. हनुवटी टेकवून ताठ बसा, समोरच्या ठिपक्याकडे बघा, हलू नका, हे ज्याची एक बाजू लुळी आहे, ज्याला बोललेलं नीट समजत नाहीये त्याला सांगायचं कसं? वय झालेलं असेल तर मोतीबिंदूही असतो, मग फोटो धुरकट. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालावेत तर पहिल्या दिवसांत डॉक्टर टॉर्च मारून बाहुल्याच तपासत असतात, मेंदूला सूज चढतेय का ते त्यावरून कळतं, त्यामुळे ड्रॉप्स नकोत. म्हणून अंधाऱ्या खोलीत बाहुली आपोआप मोठी होऊ देऊन ड्रॉप्सशिवाय फोटो काढणारे कॅमेरे आले. त्यांचं महत्त्व कळायला अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाचा २०११ चा अभ्यास बघा. इमर्जन्सीत डोकेदुखी, खूप चढलेलं बीपी, स्ट्रोकसारखी लक्षणं किंवा नजरेची तक्रार घेऊन आलेले ३५० पेशंट. फोटोंत ४४ जणांच्या डोळ्यांत महत्त्वाचं काही सापडलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ऑफ्थॅल्मोस्कोप लावून पाहिलं फक्त ४८ जणांना, आणि त्या ४४ पैकी त्यांना सापडलेले किती? शून्य!

एआयचं बोलल्याशिवाय हल्ली लेख संपत नाही. २०१८ मधे गूगलच्या लोकांनी २ लाख ८० हजारांहून जास्त पेशंटांच्या फोटोंवर प्रोग्रॅम शिकवला, तो फोटो बघून वय सांगतो, सरासरी ३ वर्षांच्या आसपास चुकतो, आणि बाई की पुरुष हेही सांगतो, जे डोळ्यांच्या डॉक्टरांना फोटो बघून सांगता येत नाही. पण पुढच्या ५ वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक कोणाला येईल यात तो मोठी मजल मारत नाही. एक येणारा आणि एक न येणारा असे दोन फोटो दिले तर १० पैकी ७ वेळा बरोबर, आणि नाणं उडवूनही ५ वेळा येतंच. वय, बीपी, कोलेस्टेरॉल घालून काढायचं जुनं कोष्टकही साधारण तेवढंच देतं. हजारो लोकांच्या सरासरीत दिसणारा काही मायक्रोमीटरचा फरक एका माणसावर लावायचा म्हणजे कठीण, कारण हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तीच वाहिनी थोडी रुंद-अरुंद होत असते. त्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे आजही सीटी स्कॅन आणि घड्याळ ठरवतं, पडद्याचा फोटो नाही.

एक गोष्ट मात्र मला फार अजब वाटते. वरचं सगळं डोळ्यावरून मेंदूचा अंदाज घेण्याबद्दल झालं, पण उलटंही होतं. स्ट्रोकने मेंदूच्या मागच्या, नजरेच्या भागाला इजा झाली तर नंतरच्या महिन्यांत पडद्यातल्या, जिथे कसलीच इजा झालेली नाही तिथल्या, नसपेशींचा थर पातळ होत जातो, ओसीटीत तो मोजता येतो. मेंदूची डावी बाजू गेली असेल तर दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा बरोबर डावा अर्धाच भाग झिजतो, मधे रेघ मारल्यासारखा.