जोडणीची सक्ती आणि काटकसरी घरे : डेन्मार्कमधील वादाची पार्श्वभूमी

कचरा जाळून मिळणारी उष्णता नळांतून इमारतींपर्यंत नेण्याचा प्रयोग डेन्मार्कमध्ये १९०३ सालीच, कोपनहेगनने वेढलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये झाला होता. पण नव्या वसाहतींना उष्णता कशी पुरवावी यावरचा वाद समजून घ्यायला १९७३ च्या तेलटंचाईपासून सुरुवात केली तरी पुरते. तेव्हा देशाची नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आयात तेलातून येत असे. १९७९ च्या कायद्याने कोणत्या भागात उष्णतेच्या सामूहिक पुरवठ्याचे नळ जातील आणि कोणत्या भागात नैसर्गिक वायू, याच्या आखणीचे काम नगरपालिकांकडे सोपवले. पुढे त्यांना घरमालकांवर जोडणीची सक्तीही करता येऊ लागली.

या ‘सक्ती’ शब्दाने बराच घोटाळा केला आहे. उष्णता वापरलीच पाहिजे, असा तिचा अर्थ नव्हता. जोडणीचा खर्च आणि स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी द्यावी लागणारी ठरावीक रक्कम, भरणे एवढेच बंधनकारक होते. आधीच जोडलेल्या घराने बाहेर पडू नये ही अट निराळी, तरी चर्चेत दोन्ही एकाच नावाने वावरतात. जुन्या, गळक्या घराच्या मोठ्या बिलात स्थिर आकार मुरून जात असे. जाड उष्णतारोधक भिंती आणि तिहेरी काचांच्या घराला उष्णता इतकी थोडी लागते की तोच आकार डोळ्यांत भरू लागला, आणि अशा घरांना सक्तीतून सूट मिळाली. सूट रास्तच होती. मात्र वसाहतीतली काही घरे वगळली की नळांचा खर्च उरलेल्यांवर पडतो, आणि घरे कितीही काटकसरी झाली तरी जमिनीखालच्या नळांतून वाया जाणारी उष्णता त्या प्रमाणात घटत नाही, ही बाजू सुटीच्या समर्थकांनी फारशी मनावर घेतली नाही.

यावर पुरवठादारांचा तोडगा म्हणजे वाटेत उष्णता कमी वाया जावी म्हणून नळांतले पाणी ५० ते ६० अंशांवरच पाठवणे. खोल्यांना ते पुरते, पण अंघोळीच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून त्याहून फार खाली जाणे अवघड. दुसरा पर्याय घरोघरी हीट पंपाचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात ओढून आणणाऱ्या यंत्राचा. सामूहिक पुरवठ्याच्या भागांतील नव्या इमारतींत साध्या विजेच्या हीटरवर १९८८ मध्ये बंदी आली होती. २०२१ मध्ये मात्र तापवण्यासाठीच्या विजेवरील कर बराच उतरवला गेला. त्याआधी, २०१९ पासून, नवी सक्ती लादण्याचा नगरपालिकांचा अधिकारही गेला होता. २०२२ मध्ये वायूचे भाव भडकले आणि वायूवर चालणारे बॉयलर असलेल्या घरांचे मालक त्याच नळांच्या जोडणीसाठी, या वेळी आपणहून, अर्ज करू लागले.