मिसिंग करंटचं की पेट्रोलचं?

जुनं इंजिन मिसिंग करायला लागलं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटायचं चुकू लागलं, की पहिला हात कार्बोरेटरकडे, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे जातो. तो समोरच दिसतो, त्याला स्क्रू असतात आणि स्क्रू फिरवला की आवाज लगेच बदलतो, त्यामुळे आपण काहीतरी केलं असं वाटतं. माझं मत उलट आहे: आधी करंट (म्हणजे ठिणगी पाडणारी वीज), मग पेट्रोल. ठिणगीच क्षीण असेल तर कार्बोरेटरवर केलेली प्रत्येक चाचणी फसवी ठरते. शिवाय प्लग, वायर, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) तपासून पुन्हा जसेच्या तसे बसवता येतात. विसकटलेलं ट्यूनिंग पूर्ववत करणं मात्र कठीण.

सिलिंडरमधलं मिश्रण पेटलं नाही, एवढं दोन्हीकडे सारखंच. करंटच्या दोषात पेट्रोल आणि हवा बरोबर आलेली असते, पण ठिणगी पडत नाही किंवा अपुरी पडते. पेट्रोलच्या दोषात ठिणगी वेळेवर पडते, पण मिश्रणच पेटण्यासारखं नसतं. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे आदर्श प्रमाण. हवा त्याहून फार जास्त झाली की मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच.

आधी नुसतं ऐकायचं. एक प्लग किंवा एक वायर गेली असेल तर आयडलिंगला (पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) ठेका नियमित तुटतो, दर फेरीत त्याच जागी. पेट्रोलची तक्रार बहुतेक वेळा सगळ्या सिलिंडरांत वाटली जाते, त्यामुळे तुटणं अनियमित, रेंगाळल्यासारखं असतं. पण कॉइल (व्होल्टेज वाढवणारी), पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या आवरणारा) आणि रोटर (फिरून प्रत्येक प्लगला करंट पोचवणारा) हेही सगळ्या सिलिंडरांचे सामायिक भाग आहेत, त्यामुळे नुसत्या कानावर निकाल देऊ नये.

खरा फरक चढावर कळतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण दाबलं जातं आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल किंवा तडकलेली वायर तिथेच उघडी पडते: पाय दाबताक्षणी झटके, पाय उचलला की साफ. फिल्टर तुंबलेला असेल किंवा पंपाचा डायफ्रॅम थकलेला असेल तर आधी गाडी व्यवस्थित ओढते. मग फ्लोट बाउलमधलं (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल संपत आलं की थोड्या वेळाने जोर हळूहळू ओसरतो. थोडं थांबलं की बाउल भरतो आणि गाडी पुन्हा ओढते.

फटाके कुठून वाजतात तेही बघावं. सायलेन्सरमधून वाजत असतील आणि कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर मिश्रण न पेटताच बाहेर पडतंय, म्हणजे संशय करंटवर. कार्बोरेटरच्या तोंडातून वाजत असतील तर मिश्रण बहुधा लीन: ज्वाला इतकी सावकाश जळते की इनलेट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत टिकते. मात्र प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल झाली असली तरी तिथूनच वाजतं.

प्लग काढून बघणं हा सगळ्यांचा आवडता उपाय, आणि घाईत केला तर सगळ्यात दिशाभूल करणारा. ओला आणि पेट्रोलच्या वासाचा प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ठिणगी नाही. पांढुरका, कोरडा म्हणजे लीन. काळी, कोरडी काजळी म्हणजे रिच. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. पण बराच वेळ आयडलिंगला चालवून बंद केलेल्या इंजिनाचे प्लग तसेही काळपट दिसतात. जिथे मिसिंग होतं त्या वेगाला चालवून, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढा. आणखी एक गुंता असा की काजळीतून करंट गळतो. म्हणजे रिच मिश्रणाने सुरू झालेला दोष शेवटी करंटचा दोष होऊन बसतो. नवा प्लग घातला की गाडी सुधारते आणि काही दिवसांत मूळ पदावर येते. अशा वेळी दोषी कार्बोरेटरच.

आता सिलिंडर शोधायचा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिचं टोक पक्कं अर्थ करा (इंजिनाच्या धातूला जोडा), मग इंजिन चालू करून ऐका. प्रत्येक सिलिंडरला असंच. वायर काढल्यावर आवाज आणखी खाली जात असेल तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. वायर उघडी लोंबकळत ठेवू नका. करंटला वाट मिळाली नाही की कॉइल जाते. चालू इंजिनावर वायर ओढूही नका, विशेषतः इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर. मेलेल्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी बदला, मग वायर बदला. दोष त्यांच्यामागे गेला तर तपास संपला.

सगळेच सिलिंडर सारखे कुरकुरत असतील तर डिस्ट्रिब्युटर (सगळ्या प्लगना करंट वाटणारा भाग) उघडा. कॅपच्या आत बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतोय. पॉइंटची फट बहुतेक गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. पॉइंटचा टेकू झिजतो तशी फट कमी होते आणि टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) मागे सरकतं. पॉइंटवर मोठ्या निळसर ठिणग्या उडत असतील, टोकं जळालेली असतील तर कंडेन्सर बदला. प्लग इंजिनाला टेकवून ठिणगी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली उडेलच असं नाही. अंधारात चालू इंजिनाच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला तर गळती चमकताना दिसते. हात मात्र लांब.

करंट स्वच्छ निघाला तरच चोक (हवा अडवून मिश्रण रिच करणारी झडप). गरम इंजिनावर चोक थोडा ओढा. इंजिन सुधारलं तर मिश्रण लीन, बिघडलं तर रिच. हे आधी का करायचं नाही, तर रिच मिश्रण कमी व्होल्टेजवर पेटतं, त्यामुळे चोक ओढल्यावर क्षीण ठिणगीचं इंजिनही थोडं सुधारतं आणि आपण जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रं) साफ करत बसतो. आयडलिंगला मिसिंग आणि वेग वाढवला की गायब, असं असेल तर इनलेट मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंत मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यातून हवा घुसत असावी. सांध्यावर थोडं पाणी मारा. क्षणभर आवाज बदलला तर गळती तिथेच. पेट्रोल किंवा क्लीनर तापलेल्या इंजिनावर मारणं म्हणजे आगीला आमंत्रण.

सगळ्यात फसवा प्रकार गरम झाल्यावर बंद पडण्याचा. तापलेली कॉइल करंट देणं सोडते, तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफही अडते, आणि थंड झाल्यावर दोन्ही बरे होतात. म्हणून बंद पडल्या पडल्याच तपासा. एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघा. पेट्रोलची धार उडाली तर तूर्त पेट्रोल आहे, कॉइलकडे वळा. कोरडं असेल तर पंप, फिल्टर आणि नळी.

इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) थोड्या नव्या गाडीत स्कॅनर बरंच सांगतो: पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी ०३०० म्हणजे अनेक सिलिंडरांत, आणि सोबत पी ०१७१ असेल तर मिश्रण लीन.

करंट आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही एक सिलिंडर मेलेलाच राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (सिलिंडरांवरच्या झाकणाखालची पट्टी). शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्यांच्या मधोमध फाटलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.