डिझेल पाणबुडी आणि वेगाचा घन

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईत 'वाघशीर' नौदलात दाखल झाली आणि माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहाही पाणबुड्या पूर्ण झाल्या. तेव्हा इंदुरात छप्पन दुकानवर पोहे खाताना कानावर आलं, "भिया, डिझेलवाली म्हणजे जुनाटच ना!" तिथेच कागदाची प्लेट उलटी करून सूत्र लिहायचा मोह झाला होता.

खोल पाण्यात डिझेल इंजिन चालतच नाही, त्याला हवा लागते. पाणबुडी पृष्ठभागाजवळ येते, स्नॉर्केलची नळी वर काढते, इंजिनं चालवून बॅटऱ्या चार्ज करते आणि पुन्हा खाली जाते. मग फक्त विजेची मोटर, म्हणून ती इतकी शांत. टीव्हीवाले तिला 'अदृश्य' म्हणतात, पण वर आलेली नळी रडारला सापडू शकते.

आता बॅटरी. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणून ती घनाप्रमाणे वाढते. ४ नॉटवरून २० नॉटवर (ताशी ३७ किमी) गेलं की वेग पाचपट, शक्ती १२५ पट! समजा ४ नॉटला नुसती मोटर १०० तास चालली असती, तर २० नॉटला ती ४८ मिनिटं चालेल. अंतर ४०० सागरी मैलांवरून १६ वर. प्रत्यक्षात आणखी कमी, कारण शिसे-आम्ल बॅटरीतून वीज झपाट्यानं ओढली की प्लेटांच्या छिद्रांत ताजं आम्ल वेळेवर पोचत नाही. राजवाड्याजवळच्या ई-रिक्षावाल्याला हे अनुभवानं ठाऊक असतं. हँडलला लिंबू-मिरची टांगलेली असली, तरी चढावर किती सवाऱ्या घ्यायच्या हे तो बॅटरीचा काटा बघूनच ठरवतो.

मग अगदी रांगतच जावं का? तेही नाही. सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्यात वेध घेणारं यंत्र), संगणक, वातानुकूलन, भटारखाना हे सगळं पाणबुडी जागच्या जागी असली तरी वीज खातं. याला 'हॉटेल लोड' म्हणतात. तो 'ह', वेग 'व' आणि पाणबुडीच्या आकारावर ठरणारा स्थिरांक 'क' धरला, तर एकूण शक्ती ह + क×व³, आणि मैलामागे ऊर्जा ह/व + क×व². ही किमान कधी? कलन वापरलं की उत्तर येतं: ह = २×क×व³. म्हणजे बॅटरी सर्वांत दूर नेते त्या वेगाला मोटर हॉटेल लोडच्या निम्मीच वीज घेते. दोन-तृतीयांश वीज पुढे सरकण्यासाठी नसतेच! हॉटेल लोड निम्मा करा, पल्ला सुमारे १.६ पट होतो.

अशा संथ चालीसाठीच अंबरनाथच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणारा संच) विकसित केलाय. त्याला लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. कलवरी वर्गात तो बसवायचा म्हणजे पाणबुडी कापून मध्ये नवा तुकडा जोडायचा. लांबी वाढली की पाण्याशी घासणारं क्षेत्रफळही वाढणार, म्हणजे वरच्या सूत्रातला 'क' थोडा मोठा होणार.