सासूबाई, जरा बाहेर बसता का?

गरोदर बाई टेबलावर आडवी झालेली असते. सिस्टर तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत विचारते, "जेवण जातंय का नीट?" उत्तर येतं उशाशी उभ्या असलेल्या सासूबाईंकडून, "जातंय की, दोन-दोन भाकरी खातीया." दंडावर काळंनिळं दिसतं. "हे काय झालं?" "दार लागलं बघा." हेही सासूबाईच सांगतात. बीपीचा आकडा कार्डावर उतरतो आणि पुढच्या बाईला हाक जाते.

सोलापुरात तपासणीच्या कुठल्याही दिवशी घडेल असाच हा प्रसंग. सिस्टरला डाग दिसलेला असतो. ती घरातल्या मारहाणीची खूण असू शकते. पण त्यापुढे काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. माझ्या मते गरोदरपणातल्या तपासणीत राहिलेली ही सगळ्यात मोठी फट आहे.

पोटावर लाथ किंवा बुक्की बसली, तर वार (बाळाला पोसणारा प्लासेंटा) गर्भाशयाच्या भिंतीपासून वेळेआधीच सुटू शकते. मग बाईचा रक्तस्राव होतो आणि बाळाला मिळणारा प्राणवायू तुटतो. पण मार पोटावर बसला नाही म्हणून बाळ धोक्यातून वाचलं, असं नसतं. सतत भीतीत जगणाऱ्या शरीरात कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं वाढलेली राहतात. जेवण तुटतं, झोप उडते, तपासण्या चुकतात. अशा गरोदरपणात कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ होण्याचा आणि आईला नैराश्य येण्याचा धोका जास्त असतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, तर गरोदरपणात मार खाल्ल्याचं ३.१ टक्के जणींनी. ज्या सांगू शकल्या, त्यांचेच हे आकडे.

सुईण असो, एएनएम (गावपातळीवरची सरकारी परिचारिका) असो वा स्टाफ नर्स, तिला शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे पाहणं. पडून-धडपडून लागतं ते बहुतेक हातापायांना. मारहाणीच्या खुणा चेहरा, मान, छाती, पोट अशा जागी जास्त सापडतात. गळा दाबला गेला असेल तर आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके उठतात. एकही खूण पुरावा नव्हे. पुढचा प्रश्न विचारायला मात्र ती पुरेशी आहे.

आणि तो प्रश्न एकांतातच विचारायचा. जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत ठाम आहेत: खासगी जागा नसेल, तर विचारूच नका. घरच्या कुणी ऐकलं, तर घरी गेल्यावर बाईला आणखी मार बसू शकतो. म्हणून, "सासूबाई, जरा बाहेर बसता का? तपासताना सगळ्यांनाच बाहेर बसवतो," हे वाक्य सहज तोंडी येईपर्यंत घोकून घ्यावं लागतं. लघवीच्या तपासणीला ती एकटी जाते, तीही एक संधी.

सोलापुरात आणखी एक पेच आहे तो भाषेचा. विडी वळणाऱ्या, यंत्रमागाच्या घरांत कुठे तेलुगू बोलतात, कुठे कन्नड, कुठे दखनी. सून मराठीत अडखळली की नणंद दुभाषी होते, आणि सगळं तिथेच संपतं. दुभाषी घरचा नको, हा नियम इथे तर पाळायलाच हवा. "घरात कुणाची भीती वाटते का? कुणी हात उचलतं का?" एवढी दोन वाक्यं तरी सिस्टरला तेलुगू आणि कन्नडमध्ये यावीत.

बाई बोलली, तर मधे न तोडता ऐकायचं. "यात तुमची चूक नाही" हे स्पष्ट म्हणायचं. "मग माहेरी का नाही गेलात?" हे चुकूनही विचारायचं नाही. मग धोका जोखायचा: मार वाढत चाललाय का, गळा दाबलाय का, हत्यार दाखवलंय का, मारणारा जीव घेईल असं वाटतं का. गरोदरपणी मारलंय, हेसुद्धा त्याच यादीतलं धोक्याचं लक्षण आहे. आणि यातलं काहीही माता-बाल संरक्षण कार्डावर लिहायचं नाही. ते कार्ड घरी जातं, नवरा वाचतो. नोंद दवाखान्याच्या कुलूपबंद कागदात राहिली पाहिजे.

प्रशिक्षणाने फरक पडतो का? वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात अशा प्रशिक्षणाच्या १९ चाचण्या तपासल्या गेल्या. कर्मचाऱ्यांची माहिती, दृष्टिकोन आणि तयारी सुधारत असल्याचं त्यात दिसलं. पण बायकांच्या आयुष्यात किती फरक पडतो, याचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. मला याचा अर्थ असा लागतो की, एक दिवसाची कार्यशाळा घेऊन भागणार नाही. प्रश्न विचारल्यावर पुढे पाठवायला जागा हवी. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू झालं, ते दवाखान्याच्या आतच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार पीडितेला वैद्यकीय मदत देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. सखी वन स्टॉप सेंटर (अशा बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र) आणि १८१ ही महिला हेल्पलाइन, एवढं तरी सिस्टरला तोंडपाठ हवं.

पहिल्या वेळी बऱ्याच जणी "काही नाही" एवढंच म्हणतात. त्यांना खोटं पाडायचं नाही, खोदून विचारायचं नाही. "कधी वाटलं तर मी इथंच आहे," असं सांगून सिस्टर तिला पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला बोलावते, आणि त्या दिवशीही सासूबाईंना बाहेर बसवते.